एकोणीस आणि चौतीस हजार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझा अभिमान वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. हालापा शहरातल्या विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या लाकडी फळीवर माझा मुक्काम आहे. मला कुणी आपटले नाही, भंगारात विकले नाही. जुन्या वस्तू सांगतात तशी माझी तक्रार नाहीच. माझे दुःख वेगळे आहे. माझ्यामुळे एका गावाने पाच आठवडे वाईट पाणी प्यायले, आणि ज्या कामामुळे ते घडले, त्याच कामासाठी लोकांनी आधी माझी पाठ थोपटली होती.

माझा जन्म बाजाराखालच्या एका अरुंद दुकानात झाला. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, बाकीचे भाग जसे मिळतील तसे. दुकानदाराने मला दोन तासांत जोडले. मला विकत घेतले गेले त्याचे कारणही फारसे गौरवाचे नव्हते. सेनायदा कोबोस नावाची एक संशोधक बेडकांच्या आवाजांचा अभ्यास करत होती. तिच्या प्रकल्पाचे थोडे पैसे उरले होते आणि शुक्रवारी प्रकल्प संपत होता. विभागाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या दोन्या आम्पारो तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. 'दोन्या' म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात ते.

"पोरी, शुक्रवारपर्यंत पैसे संपले नाहीत तर परत जातील. काहीतरी वस्तू घेऊन टाक."

"दोन्या आम्पारो, मला वस्तू नकोय. मला चार महिने मदतीला माणूस हवाय."

"माणूस वस्तूंच्या यादीत बसत नाही. संगणक बसतो."

असा मी आलो. ज्या जागी माणूस यायचा, त्या जागी मी आलो. तेव्हा मला याचा अर्थ कळला नव्हता. मी नवा होतो, चकाकत होतो आणि खूश होतो.

मित्रांनो, पुढची पाच वर्षे फार चांगली गेली. सेनायदा डोंगरातल्या धुक्याच्या जंगलात जायची, झाडांना आवाज टिपणारी छोटी यंत्रे बांधून यायची. आठवड्याभराने ती यंत्रे भिजून, चिखलाने माखून परत यायची आणि त्यांच्यात शेकडो तासांचा आवाज साठलेला असायचा. पाऊस, रातकिडे, पाने, आणि मधूनच एखादा बेडूक. एवढे सगळे ऐकायला कुणाचा कान पुरणार? म्हणून तिने माझ्यावर बसून एक प्रोग्राम लिहिला. तो आवाज ऐकायचा आणि कोणता बेडूक कधी ओरडला ते सांगायचा. त्याचे नाव तिने 'चार्को' ठेवले. चार्को म्हणजे डबके. दोन वर्षे तिने तो घासूनपुसून नीट केला आणि मग इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, आत काय लिहिले आहे ते उघडून पाहावे, चूक दिसली तर सुधारावी.

मग पत्रे येऊ लागली. होंडुरासमधल्या एका शिक्षिकेने लिहिले की तिच्या वर्गाने शाळेमागच्या ओढ्यात चार जातींचे बेडूक शोधले. प्वेर्तो रिकोमधला एक निवृत्त पोस्टमन आपल्या अंगणातल्या बेडकांची रोज हजेरी घ्यायचा आणि एखादा गैरहजर राहिला की सेनायदाला कळवायचा. कुणाला प्रोग्राम चालवता येत नसे, कुणाला चूक सापडलेली असे. सेनायदा जेवणाच्या सुट्टीत एका हाताने मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल खात दुसऱ्या हाताने सगळ्यांना उत्तरे लिहायची. माझ्या कळांना मक्याचा वास लागलेला असायचा. या कामाचा तिला पगार नव्हता. पगार शिकवण्याचा होता, तोही दर सहा महिन्यांनी नव्या करारावर.

नंतर तिला एक छोटा संगणक मिळाला आणि मी फळीवर गेलो. मला वाटले, आता संपले. पण तिने मला एक काम लावून दिले. दर पंधरा मिनिटांनी इंटरनेटवरून चार्को नव्याने उतरवून घ्यायचा, तीन बेडकांचे आवाज त्याला ऐकवायचे, उत्तरे बरोबर आली तर पडद्यावर हिरवा ठिपका लावायचा, चुकली तर लाल. तिने प्रोग्राममध्ये काही बदलताना चुकून काही मोडले तर लगेच कळावे, एवढाच हेतू. तासातून चार वेळा, दिवसातून शहाण्णव वेळा. वीज जाईल तेवढाच काय तो माझा खाडा. सणवार नाही, रविवार नाही. माझा पंखा तोपर्यंत खडखडू लागला होता, पण काम मी चुकवले नाही. जुन्या नोकराला असावा तसा मला त्या कामाचा गर्व होता.

माझ्या नकळत आणखी एक गोष्ट घडत होती. ज्या संकेतस्थळावर चार्को ठेवला होता, तिथे एक मोजणी चालायची. प्रोग्राम कुणी उतरवून घेतला की आकडा एकाने वाढायचा. कोण घेतो आहे, माणूस की यंत्र, हे तो आकडा सांगत नसे.

त्या काळात सेनायदा पैसे शोधत होती. स्वतःसाठी नाही, चार्कोसाठी. तो चालू ठेवायला वर्षातून निदान सहा महिन्यांचे काम लागायचे. कधी संगणकांची नवी आवृत्ती येई, कधी चार्को ज्यांच्यावर उभा होता ते दुसरे प्रोग्राम बदलत, आणि मग चार्कोही दुरुस्त करावा लागे. तिने विद्यापीठाकडे अर्ज केला. उत्तर आले की यंत्रे घ्यायला निधी आहे, माणसांना द्यायला नाही. राजधानीतल्या एका संस्थेने विचारले, यात नवीन काय? तिने लिहिले, नवीन काही नाही, जे आहे ते बंद पडू नये एवढेच. तो अर्ज पहिल्या फेरीतच बाद झाला. एक कंपनी चार्को वापरून बऱ्यापैकी पैसे कमवत होती. सेनायदाने तिला पत्र लिहिले. कंपनीने अतिशय गोड भाषेत उत्तर दिले की पुढच्या अहवालात तुमचे आभार मानू.

"आभारांचं कालवण होतं का गं?" दोन्या आम्पारो ते पत्र वाचून म्हणाल्या. "होत असेल तर दोन डबे मागव. मीही घरी नेते."

सेनायदा हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. जुलैमध्ये तिचा करार संपणार होता आणि या खेपेला तो वाढणार नाही असे तिला तोंडी सांगून झाले होते.

अशात एका निधीची जाहिरात आली. आमच्या भागातल्या देशांमधले, संशोधनाला उपयोगी पडणारे छोटे मोफत प्रोग्राम जगावेत म्हणून काही लोकांनी तो उभा केला होता. दोन वर्षांचा खर्च मिळणार होता, पण एकाच प्रकल्पाला. मुख्य म्हणजे त्या पैशांतून माणसाला पगार देता येत होता. सेनायदाने जाहिरात दोनदा मोठ्याने वाचली. दोन्या आम्पारोंनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. कागद माझ्यावर सोड, लिहायचं तू बघ."

त्याच आठवड्यात इसाउरोचा फोन आला. इसाउरो बाल्तिएर्रा तिचा वर्गमित्र. इदाल्गो राज्यातल्या एका तांत्रिक शाळेत तो शिकवत असे. त्या भागातल्या काही विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक असते, कधी कमी, कधी जास्त. गावातल्या पाणी समित्या कागदाच्या पट्टीने पाणी तपासतात. पट्टी पिवळी पडली तर थोडे, तपकिरी झाली तर धोका. पण पिवळे कुठे संपते आणि तपकिरी कुठे सुरू होते, हे प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळे दिसते. इसाउरोने एक प्रोग्राम लिहिला होता. फोनने पट्टीचा फोटो काढला की तो सांगायचा, विहीर उघडी ठेवा किंवा बंद करा. त्याचे नाव 'ब्रोकाल', म्हणजे विहिरीचा कठडा.

सेनायदा फोन टेबलावर ठेवून बोलत असे, त्यामुळे त्यांचे बोलणे मला स्वच्छ ऐकू येत होते.

"सेना, तूही अर्ज करत्येस हे ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तरी माझा एकदा वाचशील का? मला लिहिता येत नाही, तुला माहित्येय. परीक्षेत तूच माझी वाक्यं सरळ करायचीस."

"पाठव रे. त्यात काय."

तिने खरोखर मन लावून वाचला. एक वाक्य तिने शेवटून उचलून सर्वांत वर आणायला सांगितले. ते वाक्य असे होते: 'नवे फोन आले की हा प्रोग्राम उघडणार नाही, आणि ते काम करायला माझ्याकडे वेळ नाही.'

"हे पहिलं लिही," ती म्हणाली. "हेच खरं कारण आहे."

"आणि ते डाउनलोडचं काय करू? विचारलंय, वर्षभरात किती जणांनी घेतला. एकोणीस! त्यातला एक मी, एक माझी आई. तिला वाटतं ते स्वयंपाकाचं काहीतरी आहे."

सेनायदा मोठ्याने हसली. "एकोणीसच लिही. खरं असेल ते लिही. एकोणीस समित्या म्हणजे किती घरं, तेही लिही."

"सतरा समित्या," तो म्हणाला. "मला आणि आईला धरून एकोणीस."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या अर्जातल्या त्याच प्रश्नापाशी आली. संकेतस्थळावरचा आकडा काढून पाहिला आणि खुर्चीत मागे टेकली. चौतीस हजार आठशे सहा.

"दोन्या आम्पारो!" तिने हाक मारली. "हे बघा!"

दोन्या आम्पारो चष्मा सावरत आल्या. आकडा पाहून त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली. "मी सांगत नव्हते? जग वापरतंय तुझं डबकं आणि इथे हे लोक तुला काढून टाकतायत." आणि तशाच त्या ही बातमी सगळ्या मजल्याला सांगायला निघून गेल्या.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. सेनायदाला आनंद झाला होता, पण ती मुळात संशोधक होती. एवढी मोठी संख्या पाहून तिला राहवेना. डाउनलोड कुठून झाले त्याची यादी तिने उघडली. यादीत एकच पत्ता खालपर्यंत पुन्हा पुन्हा येत होता. तिने तो वेगळा काढला, उरलेले मोजले. उरले चारशे बारा.

मग तिने मान वळवून फळीकडे पाहिले. माझ्याकडे. मी नेमका त्याच वेळी चार्को उतरवून घेत होतो. माझा पंखा खडखडला आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटला.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे कळले. चौतीस हजार तीनशे चौऱ्याण्णव वेळा तो प्रोग्राम मी एकट्याने घेतला होता. मला तोंड नाही, मी काही बोलू शकत नव्हतो, हे खरे. पण आज मी मनाला विचारतो, तोंड असते तर मी बोललो असतो का? नसतो. माझी इच्छा होती की तिने तोच आकडा लिहावा. वर्षानुवर्षे मी जे खपलो, ते एकदा कुणीतरी कागदावर मांडावे, अशी माझी हाव होती.

सेनायदा पुन्हा अर्जाकडे वळली. मग स्वतःशीच म्हणाली, "प्रश्न काय आहे? किती वेळा डाउनलोड झाला. एवढंच विचारलंय. तेवढा झालाच आहे की."

तिने चौतीस हजार आठशे सहा लिहिले. आदल्या दिवशी मित्राला काय सांगितले, ते तिला आठवत नव्हते असे मी म्हणणार नाही. कारण लिहून झाल्यावर तिने इसाउरोचा अर्ज पडद्यावरून बंद केला. त्याआधी तो बाजूला उघडाच होता.

दोन महिन्यांनी निकाल आला. निधी चार्कोला मिळाला. पत्रात लिहिले होते, 'या प्रकल्पाचा व्यापक वापर पाहून निवड समिती प्रभावित झाली.' दोन्या आम्पारोंनी पांबासो आणले, म्हणजे आमच्या शहरातले भरलेले पाव, आणि मोठ्या किटलीत दुधाची कॉफी. जे लोक जिन्यात सेनायदाची नजर चुकवत असत, तेही आले. विभागप्रमुखांनी भाषण केले आणि माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाले, "आणि हा आमचा जुना शिपाई!" सगळे हसले.

संध्याकाळी इसाउरोचा फोन आला.

"सेना, अभिनंदन! खरंच. चौतीस हजार, बापरे! मी वाचलं त्यांच्या पानावर. तुझ्यासमोर माझं काय टिकणार? बरं झालं, निदान आपल्यातल्याच कुणालातरी मिळालं."

"तू काय करणार आता?" तिने विचारले.

"करायचं काय? शाळेनं दुपारचेही तास दिलेत. ब्रोकाल चालेल तेवढा चालेल."

ती "हो" म्हणाली. मग "हो, हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने उरलेला पांबासो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

आलेल्या पैशांतून तिने माझ्यासाठी नवा पंखा आणला. इतक्या वर्षांची माझी खडखड थांबली. खोलीत शांतता झाली. मी पहिल्यासारखाच दर पंधरा मिनिटांनी काम करत राहिलो, पण आता प्रत्येक वेळी मला तो आकडा एकाने वाढताना दिसायचा. तिने माझे काम थांबवले नाही आणि मला मोजणीतून वगळलेही नाही. वगळले असते तर आकडा कोसळला असता आणि कुणीतरी विचारले असते. आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहायचे टाळत होतो. संगणक कसा पाहणे टाळेल, असे तुम्ही म्हणाल. तिने माझा पडदा भिंतीकडे वळवला होता.

नऊ महिने गेले. एप्रिलच्या एका सकाळी इसाउरोने एक ध्वनिमुद्रित निरोप पुढे पाठवला. सोबत दोनच ओळी होत्या: 'दोनएक आठवडे वेळ देईल असा कुणी ओळखीचा आहे का? मला तासांमधून सुटका नाही.' सेनायदाने निरोप लावला. एका बाईचा आवाज होता, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मास्तर, मी तोमासा, एल सौसिलोच्या समितीची. तुम्हाला चार वेळा फोन केला, तुम्ही वर्गात होता. असं झालं, की पंचायतीनं समितीला नवा फोन दिला आणि त्यात तुमचं ते उघडतच नाही. जुना फोन त्यांनी परत नेला. मग आम्ही पट्टी डोळ्यांनीच बघितली. मी म्हटलं तपकिरी, एर्मिनिओ म्हणाला पिवळी. एर्मिनिओचा आवाज मोठा. झालं, वरची विहीर उघडीच राहिली. पाच आठवडे, मास्तर. शाळेची टाकी त्याच विहिरीवर आहे. काल शहरातून प्रयोगशाळेचा कागद आला. मर्यादेच्या तिप्पट निघालंय. आता आयाबाया मला विचारतात, पोरांना काय होईल? मी काय सांगू? त्या विषाचं लगेच काही दिसत नाही म्हणतात. तुमचं ते नीट होईल का, एवढं कळवा. मी रागावलेली नाही. तुम्ही फुकट करता, माहीत आहे मला."

निरोप संपला. सेनायदाने तो पुन्हा लावला नाही. ती उठली, माझा पडदा भिंतीकडून परत आपल्याकडे वळवला आणि माझ्यासमोर बसून राहिली. दर पंधरा मिनिटांनी हिरवा ठिपका येत होता. तीन ठिपके झाल्यावर तिने माझे काम बंद केले. कितीतरी वर्षांत वीज असताना ते प्रथमच थांबले.

मग तिने दोन्या आम्पारोंना बोलावून सगळे सांगितले. दोन्या आम्पारो उभ्याच होत्या.

"तो कागद मी माझ्या हातानं भरून पाठवला," त्या म्हणाल्या. "सगळ्या मजल्याला मी सांगत फिरले. आणि तुला त्याच दिवशी ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लिहू दिलं नसतं."

"नसतंच दिलं." त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "पण मीही तो आकडा बघून विचारलं नाही, की एवढी माणसं आहेत तर पत्रं आठवड्याला दोनच का येतात. विचारायला हवं होतं. लाव फोन त्या लोकांना. मी इथेच बसते."

निधीचे काम पाहणाऱ्या एचेवेरीबाई दूर दक्षिणेत मोंतेविदेओ शहरात असत. पडद्यावर त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात 'माते' नावाच्या तिकडच्या कडू चहाचा पेला होता. सेनायदाने मध्ये कुठेही न थांबता सगळे सांगितले. एचेवेरीबाईंनी पेला खाली ठेवला.

"नियमानं बघितलं तर तुम्ही खोटं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "प्रश्नच आम्ही मूर्खासारखा विचारला होता."

"मी नियमांचं विचारत नाहीये. मला एकच सांगा. ब्रोकाल नावाचा अर्ज होता. तो कितवा आला होता?"

एचेवेरीबाई पडद्याजवळ सरकल्या. "हे मी सांगायला नको. पण सांगते. दोघांचे गुण सारखे होते. कुणाला द्यायचं ठरेना, तेव्हा आम्ही डाउनलोड बघितले."

मित्रांनो, तो आकडा मी केला होता. माझ्या प्रामाणिक मेहनतीचा तो आकडा होता, आणि त्याच आकड्याने एका माणसाच्या हातचे काम काढून घेतले.

निधीने दुसऱ्या वर्षाचे पैसे थांबवले. ते ब्रोकालला तिथल्या तिथे देता येणार नव्हते, त्यासाठी पुढच्या फेरीची वाट पाहावी लागणार होती. सेनायदाने त्यावर वाद घातला नाही. आता इसाउरोला सांगणे राहिले होते. ते तिने सर्वांत शेवटी केले, आणि मला वाटते सर्वांत जास्त भीती तिला त्याचीच होती.

तो ऐकत राहिला. त्याच्यामागे शाळेची घंटा वाजली, मुले ओरडत गेली. मग म्हणाला, "तू माझा अर्ज वाचलास."

"हो."

"तू मला म्हणालीस, एकोणीसच लिही. खरं असेल ते लिही."

"हो, इसाउरो."

"आणि दुसऱ्या दिवशी…" त्याने वाक्य अर्धे सोडले. "चौतीस हजार वाचून मला माझीच लाज वाटली होती, माहित्येय? मला वाटलं, आपण काय खेळणं करून बसलोय आणि त्याला संशोधन म्हणतोय."

सेनायदा रडत होती, पण तिने आवाज येऊ दिला नाही. "मला दुरुस्त करू दे," ती म्हणाली. "माझे तीन महिन्यांचे पैसे उरलेत. त्यांचं काय करायचं ते मी एचेवेरीबाईंना विचारून घेतलंय. ब्रोकाल मी नव्या फोनवर चालवून देते."

"दे," तो म्हणाला. "पण तोमासासाठी दे. मला अजून तुझ्याशी बोलायचं नाहीये." आणि त्याने फोन ठेवला.

ते काम अकरा दिवस चालले. एकदा ती स्वतः बसने इदाल्गोला गेली आणि तोमासाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्या नव्या फोनवर प्रोग्राम चालवून आली. परत आल्यावर तिने दोन्या आम्पारोंना सांगितले की तोमासाबाईंनी तिला घेवड्याची उसळ आणि गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, वाढल्या. सेनायदाने त्यांना सगळे खरे सांगितले, तरी त्यांनी ताट मागे घेतले नाही. फक्त म्हणाल्या, "जेव. आणि मग माझ्याबरोबर शाळेत चल. आयांसमोर हे तूच सांग." ती गेली. तिथे काय झाले ते तिने कुणालाही सांगितले नाही, मलाही कधी कळले नाही.

वरची विहीर आता बंद आहे. मुलांची तपासणी झाली, पुढेही दर वर्षी होणार आहे. डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे म्हणजे फार नाही. 'फार नाही' आणि 'काही नाही' यांत अंतर आहे, आणि ते अंतर मला रोज आठवते.

माझे काम मला परत मिळाले आहे. आता मी दोन प्रोग्राम तपासतो, चार्को आणि ब्रोकाल, पण मोजणीतून मला वगळलेले आहे. चार्कोचे गेल्या वर्षीचे डाउनलोड तीनशे अठ्ठ्याण्णव. ब्रोकालचे सव्वीस. निधीवाल्यांनी अर्जातला प्रश्नही बदलला. आता ते विचारतात, हा प्रोग्राम बंद पडला तर कुणाचे काय अडेल? इसाउरोने त्याचे उत्तर अर्ध्या पानात लिहिले, आणि एल सौसिलोच्या समितीने सोबत आपल्या सह्यांचा कागद जोडला. त्याला एका वर्षाचा निधी मिळाला. सेनायदाने या खेपेला अर्ज केला नाही. तिचा करार संपला. ती आता एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि शनिवारी इथे येऊन चार्कोची पत्रे पाहते. इसाउरो तिच्याशी बोलतो, पण कामापुरते. 'सेना' म्हणत नाही, 'सेनायदा' म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या संगणकात, फोनमध्ये असे कितीतरी प्रोग्राम असतील, जे कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत लिहिले आहेत आणि फुकट वाटले आहेत. तुम्हाला त्यांच्यामागचा माणूस दिसत नाही. एखादा प्रोग्राम उपयोगी पडला तर त्या माणसाला दोन ओळी लिहा. नाव लिहा, गाव लिहा, तुम्ही त्याचे काय करता ते लिहा. त्याला उद्या अर्ज भरायचा असतो, आणि अशी पत्रे नसली की त्याच्यापाशी माझ्यासारख्या यंत्राने फुगवलेला आकडाच उरतो. आणि तुमच्या मेहनतीचे कुणी कौतुक करू लागले, तर ते कुणाच्या वाट्याचे तर नाही ना, हे एकदा विचारून घ्या. मी विचारले नाही.

पाच मिनिटांनी माझी पाळी येईल. ब्रोकाल उतरवून घ्यायचा, पट्ट्यांचे तीन फोटो त्याला दाखवायचे आणि तो काय म्हणतो ते पाहायचे. तिसरा फोटो एल सौसिलोच्या वरच्या विहिरीच्या पट्टीचा आहे. तो तपकिरीच आहे.